डॉक्टरीणबाईंचा एकच सवाल

डॉक्टरीणबाई ऑपरेशनपेक्षा नकारासाठी जास्त प्रसिद्ध होत्या. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात त्यांच्याइतका साफ हात कुणाचा नव्हता, आणि तितकी तिखट जीभही. मूळच्या वलगावच्या शेतकऱ्याची लेक. मुंबईला सर्जरी शिकून आल्या, पण बोलणं वलगावचंच राहिलं. पुण्याहून आलेले एक डॉक्टर म्हणाले, "पेशंटशी जरा शुद्ध बोलावं." बाई म्हणाल्या, "शुद्ध मी हात करतो, भाऊ. साबणानं."

कुठल्याही नव्या इलाजाला त्यांचा एकच सवाल असे: "बिघडलं तं मांगं कसं फिरवता?" उत्तर नसेल, तर इलाज नाही. धाडस हा शब्द त्यांना शिवीसारखा वाटे. "धाडस डॉक्टरचं अन् अंग दुसऱ्याचं!"

माझ्या थोरल्या बहिणीला, कुसुमताईला, दोन स्थळांनी 'छातीनं सपाट' म्हणून नाकारलं होतं. लोक हे चारचौघांत बोलत, आणि लाजायचं मात्र तिनं! त्याच सुमारास अकोल्यात स्टेशनजवळच्या लॉजमध्ये एक सुईवाला उतरला. त्याचं पत्रक आमच्या घरापर्यंत पोचलं: 'एका सुईत भरदार छाती. जन्मभराची हमी.' हुंड्याविरुद्धची, सावकारीविरुद्धची पत्रकं वाचत मी वाढले. छापलेलं खोटंही असतं, हे मला तेव्हा कळायचं होतं.

ताईनं जायचं ठरवलं. आईनं घाबरून बाईंना गाठलं. बाई रागावल्या नाहीत. ताईला म्हणाल्या, "चांगलं दिसावं वाटणं काही पाप नाही, पोरी. चाल, मीबी येतो. इलाज खरा असन तं मीच शिकून घेतो."

बाई, ताई आणि मी अकोल्याला गेलो. लॉजच्या व्हरांड्यात काही बाया पदर पुढे ओढून बसल्या होत्या. बाईंनी सुईवाल्याला विचारलं, "बाटलीत काय हाय?"

"परदेशी द्रव आहे, बाई. आत गेला की तिथंच बसतो."

बाईंनी बाटली उजेडात धरली, वास घेतला. "पातळ मेण हाय हे. सरकलं, गाठी झाल्या, पिकल्या, तं काढता कसं?"

"काढायची वेळच येत नाही."

"आली तं?"

तो बॅगेचे पट्टे आवळू लागला. बाई बायांकडे वळल्या. "ऐका बायांनो. अशी एक बाई मी टेबलावर घेतली हाय. मेण मांसात मुरते. ते काढाले गेलं तं संगं स्तनबी काढा लागते. पुढच्या साली तुमाले दुखलं, तं याले कोण्या गावी शोधता?"

एक बाई उठली. मग दुसरी. ताई सर्वांत शेवटी उठली, पण उठताना तिनं ते पत्रक टरकावलं.

"धंदा बुडतो म्हणून जळता!" सुईवाला ओरडला.

"माहा धंदा तं तुमीच चालवता, भाऊ. तुमी घातलेलं कापाले आमीच लागतो!"

व्हरांडाभर हशा पिकला. संध्याकाळच्या गाडीनं सुईवाला अकोला सोडून गेला.

त्याच उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. त्या निरोप घ्यायला आल्या, तेव्हा नेमकी वरूडची मंडळी ताईला पाहायला बसलेली. मुलाच्या मावशीनं ताईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पोरगी गुणाची हाय, पण अंगानं..."

आई कावरीबावरी झाली. मी बाईंकडे पाहिलं. आता तोफ सुटणार. पण बोलली ताईच.

"मावशी, मी अशीच हाय अन् अशीच राहीन. पसंत नसन तं पोहे खा अन् सुखानं जा."

बाईंनी आपली पोह्यांची रिकामी बशी आईपुढे केली.

"आजून वाढ वं माय. आज मले लय भूक लागली."