गुडघ्याची रंगीत तालीम

आमचे हे फौजेतून हवालदार होऊन परतले, तेव्हा उजवा गुडघा तिकडच्या बर्फातच ठेवून आले. म्हणजे गुडघा होता, पण कामाचा नव्हता. त्याबद्दल थोडी अपंगत्वाची पेन्शन मिळायची. पुढे वय झालं, गुडघा आणखी बिघडला, पेन्शन मात्र तेवढीच राहिली. आम्ही घाटकोपरला तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. गेल्या वर्षी आमच्याच बिल्डिंगमधली तळमजल्याची जागा भाड्याने द्यायची निघाली. पेन्शन वाढली तर ती आम्हाला घेता येणार होती. नाहीतर हा माणूस एक दिवस वर चढेल आणि परत खाली उतरायचा नाही, हे मला दिसत होतं. म्हणून मी मागे लागून अर्ज करायला लावला, आणि फौजेच्या हॉस्पिटलातून फेरतपासणीचं बोलावणं आलं.

ते आल्याबरोबर हे बूट घासायला बसले. न्हाव्याकडे जाऊन केस बारीक करून आले. मिशी काळी केली. पँटला अशी इस्त्री मारली की तिच्या घडीवर भेंडी चिरता आली असती. मग आरशासमोर छाती पुढे काढून उभे राहिले. आमची समोरची शेजारीण जन्मभर दवाखान्यात आया होती, तिने दारातूनच हे पाहिलं.

"अगं, भाऊजी तपासणीला निघालेत की भरतीला?"

तिचं खरं होतं. घरात हे खुर्चीतून उठताना टेबलाला, कपाटाला आणि देवाला हाक मारत उठतात. पण समोर साहेब आला की गुडघा आपोआप सरळ होतो. साहेबाने कसं आहे विचारलं तर उत्तर एकच, सगळं ठीक. जुन्या साहेबांचा फोन आला तरी हे उभं राहून बोलतात. आता तपासणीच्या मेडिकल बोर्डावर बसणारे डॉक्टरही फौजेतले साहेबच. तिथे हे ठीक आहे म्हणाले की आमची वाट लागली.

म्हणून आम्ही दोघींनी यांना शिकवायचं ठरवलं. खोटं काही बोलायचं नाही. घरात जे कण्हता तेच तिथे सांगा, एवढंच.

शेजारणीने नातीचा कॉलेजचा पांढरा एप्रन चढवला. तिच्या पोटावर बटणं लागेनात. हातात माझं लाटणं घेऊन ती आमच्या सोफ्यावर मांडी घालून बसली. यांनी दारातूनच तिला नापास केलं. म्हणाले, मेजर कधी मांडी घालून बसत नाही. तिने पाय खाली सोडले. मग हे कडक पावलं टाकत आत आले, सलाम ठोकला आणि तिने विचारायच्या आधीच म्हणाले, "सब ठीक है, साहब."

तिने लाटणं यांच्या गुडघ्यावर हळूच आपटलं आणि दुखतं का म्हणून विचारलं. हे म्हणाले, नाही साहेब. तिने जरा जोरात आपटलं. तरी नाही साहेब. मी म्हटलं, अहो, काल रात्री बाम चोळताना माझ्या माहेरचा उद्धार करत होतात तो कशासाठी? तर म्हणतात, तू काय ऑफिसर आहेस? शेजारीण एवढी हसली की एप्रनचं एक बटण उडालं आणि टीव्हीखाली गेलं. ते काढायला हे वाकले आणि तिथेच अडकले. "आई गं," म्हणाले. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. असंच म्हणायचं, असंच. त्यांना उठवायचं राहिलं बाजूला, आम्हालाच हसून उठता येईना.

आठवडाभर रोज संध्याकाळी हा तमाशा चालला. साहेबासमोर दुखतं हा शब्द काही यांच्या तोंडून निघाला नाही.

तपासणीच्या दिवशी टॅक्सी करून गेलो. नाव पुकारल्यावर यांनी काठी माझ्या हातात दिली आणि चालत नाही, परेड करत आत गेले. दार अर्धं उघडं होतं. आत एक तरुण डॉक्टरीण होती, खांद्यावर पट्ट्या. तिने विचारलं आणि मला नको होतं तेच उत्तर ऐकू आलं. ती म्हणाली, तुमचा एक्स-रे काही वेगळंच सांगतोय, मी विश्वास कोणावर ठेवू?

मला राहवलं नाही. दारावरचा जवान थांबा म्हणेपर्यंत मी आत पोचले होते.

"बाई, यांना विचारू नका," मी म्हटलं. "विचारलंत तर सगळं ठीकच असतं. हुकूम द्या."

तिने माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं. मग पाठ ताठ करून म्हणाली, "हवालदार साहब, हुक्म है। घुटने की पूरी रिपोर्ट दीजिए।"

यांनी टाचा जुळवल्या. गुडघा कटकन वाजला, तो जवानालासुद्धा ऐकू गेला. आणि नजर समोरच्या भिंतीवर ठेवून, खणखणीत आवाजात, हिंदीतून रिपोर्ट सुरू झाला. सकाळी पलंग धरल्याशिवाय उठता येत नाही. खाली बसलं तर वर येता येत नाही. जिना चढताना दोन ठिकाणी थांबावं लागतं. बायकोला कळू नये म्हणून तिथे फोन कानाला लावून बोलतो. फोनवर कोणी नसतं.

हे मला नवीन होतं. त्या फोनवरून मी यांच्याशी किती भांडले होते. असा कोण मेला मित्र आहे, जो तुम्ही जिन्यात असतानाच फोन करतो? एकदा तर मी त्याला वरूनच शिव्या घातल्या होत्या आणि यांनी फोनवर त्याची माफीही मागितली होती. ते आठवलं आणि मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. डॉक्टरीणबाईही मान खाली घालून हसत होती. हे मात्र सावधानच उभे, कारण विश्राम म्हणायला कोणाला सुचलंच नाही.

मग तिने यांना झोपवून गुडघा नीट वाकवून पाहिला आणि बराच वेळ लिहीत बसली.

काही महिन्यांनी उत्तर आलं. सुनेने मोठ्याने वाचलं. गुडघा पूर्वीपेक्षा फार बिघडलेला आहे, पेन्शन वाढवावी. मी लगेच पेढे आणवले आणि खालच्या मजल्यापासून वाटत सुटले. तळमजल्यावरच्या बाईंनी विचारलं, काय, पणतू झाला का?

"नाही हो," मी म्हटलं. "यांचा गुडघा साफ गेला."

बाई पेढा हातात धरून तशाच उभ्या. आता खायचा की हळहळायचं, त्यांना कळेना. मी म्हटलं, खा, गोड मानून घ्या, पुढच्या महिन्यापासून आम्ही तुमच्या शेजारी राहायला येतोय.