भाऊजींची घरगुती ब्रेस

माझे भाऊजी विम्याच्या कचेरीत फायली इकडच्या तिकडे करतात. ते झालं पोटापुरतं. मनातून ते इंजिनिअर आहेत, आणि असला इंजिनिअर शत्रूच्या घरीही निपजू नये. त्यांनी दुरुस्त केलेला नळ अजून गळतो. त्यांनी बसवलेलं न्हाणीघराचं दार लावायला खांदा द्यावा लागतो. तयार वस्तू विकत आणणं म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. घरच्यांचे हाल झाले तरी चालतील, यांचा मान राहिला पाहिजे.

त्यांची मोटरसायकल त्यांच्याहून वयानं मोठी आहे. तिला ते मऊ फडक्यानं पुसतात. घरातला पंखा पुसायला मात्र त्यांचा हात पोचत नाही. याच गाडीवर मागे बसून ताई रोज शिवणवर्गात शिकवायला जायची. गाडीनं जरा वेग घेतला की हँडल थरथरायचं. कुठल्याही मेकॅनिकनं आधी हँडलच्या मुळाशी असलेली बेअरिंग बघितली असती. भाऊजींनी ताईला बघितलं. “तुझ्या वजनानं पुढचं चाक हलकं होतं,” म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकून होतो. इथे अंगणाला उपास घडायला लागले. ताई रात्री अर्धपोटी उठू लागली.

मी रागावलो तर म्हणाली, “अरे, परवा पडता पडता वाचलो. त्यांचं खरं असलं तर?”

“ताई, तू पोटभर जेव आणि बसनं जा.”

“बसनं गेले की रुसतात रे.”

अशात कुणीतरी भाऊजींच्या कानात ब्रेस घातली. पुढचं चाक ज्या दोन दांड्यांत धरलेलं असतं, त्यांना चाकाच्या वरून आडवी बांधणारी लोखंडी कमान म्हणजे ब्रेस. दोन्ही दांडे एका चालीनं वरखाली व्हावेत म्हणून ती लावतात. दुकानात मिळते. पण भाऊजी दुकानात गेले तर ते भाऊजी कसले? त्यांनी स्वयंपाकघरातल्या मांडणीची खालची पट्टी काढून कापली. ताईची भांडी जमिनीवर आली. “अगं, तुझ्यासाठीच करतोय ना?” असं वर ऐकवलं.

मी गेलो तेव्हा अंगणात कारखाना निघाला होता. हात नीट पोचावा म्हणून यांनी चाक काढून ठेवलेलं. चाक नसलं की ते दांडे जरा फाकतात किंवा मिटतात, त्यांच्यातलं अंतर खरं धरता येत नाही. भाऊजींनी नेमकं तेव्हाच माप घेतलं, तेही नजरेनं, कारण त्यांची नजर म्हणजे म्हणे फूटपट्टी. पट्टी वाकवली, भोकं पाडली, मोठ्या थाटात चाक परत चढवलं, आणि ब्रेस आखूड पडली.

दुसऱ्या कुणी नवी केली असती. पण केलेलं काम मोडायचं नाही, हे यांचं ब्रीद. पान्याला हातभर पाइप जोडला, त्यावर पाय दिला, आणि दोन्ही दांडे आत ओढून त्या ब्रेसमध्ये कोंबले. मग हँडलवर अंगाचा भार टाकला. एरवी गाडीचं नाक खाली जाऊन वर येतं. आता ते ढिम्म हललं नाही.

“बघितलंस मेहुण्या? कडक!”

“भाऊजी, ते दबायला नको का? दांडे अडकलेत. खड्ड्यात दणका कोण सोसणार?”

“दबत होतं म्हणूनच थरथरत होतं,” ते हसून म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी.

“निदान पहिली फेरी एकटे मारून या. ताईला नका बसवू.”

“वजन घेतल्याशिवाय कळणार कसं?”

मी ताईकडे बघितलं. तिनं ओढणी कमरेला बांधली होती. “बसते रे. माझ्यासाठी इतकं केलंय,” म्हणाली. मला भयंकर चीड आली. स्कूटर काढली आणि त्यांच्या मागे निघालो.

सरळ रस्त्यावर हँडल थरथरलं नाही, हे मान्य करतो. भाऊजी मान वळवून ताईला काहीतरी सांगत होते. अर्ध्या हळकुंडानं पिवळे होणं म्हणतात ते हेच. पेट्रोल पंपासमोर गतिरोधक आला. दांडे दबलेच नाहीत. पुढचं चाक उडालं, सीट खालून उसळली आणि ताई रस्त्यावर आपटली.

मी धावलो. कोपर सोलवटलं होतं, सलवार गुडघ्यावर फाटली होती, पण ती उठून बसली. भाऊजी बरेच पुढे जाऊन थांबले. खाली उतरले, गाडी स्टँडवर लावली, आणि पुढच्या चाकासमोर उकिडवे बसून ब्रेसवरून बोट फिरवू लागले.

“अगं, ये, बघ!” तिथूनच ओरडले. “एवढा दणका बसला, पण ही जागची हलली नाही!”

ताई माझा खांदा धरून उभी राहिली. लंगडत त्यांच्याजवळ गेली. मला वाटलं, आता रडेल किंवा एक ठेवून देईल. ती अगदी शांतपणे म्हणाली, “नीट बघा हं. कुठे लागलं नाही ना तिला?”

“छे!” भाऊजी वर न बघता म्हणाले. “एक ओरखडा नाही.”

ताई मागे वळली आणि माझ्या स्कूटरवर येऊन बसली.