ओळख न दाखवण्याचा नियम

कुंभकोणमच्या न्यायालयामागे एक लांबट खोली आहे. तिथे दर बुधवारी दुपारी चार वाजता मी आठ-दहा पुरुषांना घेऊन बसत असे. हे लोक तुरुंगात गेलेले नव्हते. पहिलाच गुन्हा, बहुधा मारहाणीचा. न्यायालयाने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेले आणि वर्षभर प्रोबेशन अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवलेले. तो अधिकारी मी होतो. निवृत्तीनंतर देखरेख दुसऱ्याकडे गेली. बुधवारची बैठक मात्र माझ्याकडेच राहिली, कारण ती घ्यायला दुसरे कोणी तयार नव्हते.

बैठकीत उपदेश नसे. प्रत्येकाने आपला प्रसंग उलट्या क्रमाने सांगायचा. आधी तडाखा, मग त्याआधीचे वाक्य, मग त्याआधीचे पाऊल, असे मागे मागे त्या दिवसाच्या सकाळपर्यंत. ऐकणाऱ्याला वाटले की इथे वळता आले असते, तर त्याने हात वर करायचा. सबबी नेहमी सरळ क्रमाने रचलेल्या असतात. उलटे सांगू लागले की त्या सुटतात.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी एक तिशीचा तरुण आला. बसस्थानकाबाहेर रिक्षा उभी करण्यावरून वाद झाला आणि त्याने हातातले हेल्मेट रिक्षावाल्याच्या डोक्यावर मारले. रिक्षावाल्याचा एक कान कायमचा गेला. तरुणाने सुरुवात केली, "मग तो माणूस खाली पडला."

"भूकंप झाला होता काय रे?" मासळीबाजारातला एक आडदांड गडी म्हणाला. सगळे हसले.

"हेल्मेट लागलं त्याला."

"आपोआप उडालं? मग मोटरसायकल कशाला ठेवलीस? हेल्मेटवरच बसून कामाला जा की!"

हसू ओसरेपर्यंत मी थांबलो. सातव्या बुधवारी तो म्हणाला, "मी मारलं." सोळाव्या बुधवारी तो सकाळपर्यंत मागे गेला. सकाळी त्याने आईशी अबोला धरला होता. त्या ठिकाणी कोणीही हात वर केला नाही. त्याने स्वतःचाच केला.

आडनावावरून मला कळले होते की तो आमच्यापैकी, म्हणजे मराठी. त्यालाही कळले असावे. वर्षभर आम्ही तमिळच बोललो.

पहिल्या दिवशी मी सर्वांना एक नियम सांगत असे. या खोलीबाहेर मी तुम्हाला ओळखत नाही आणि तुम्ही मला ओळखत नाही. रस्त्यात नमस्कार नाही, देवळात विचारपूस नाही. गाव लहान आहे. मला नमस्कार करणाऱ्याला दुसरा माणूस लगेच विचारील, हे तुला कुठे भेटले? नियम सर्वांनी पाळला. माझा न्हावी गळ्यावर वस्तरा धरून मला विचारी, "सार्, तुम्ही या गावात नवे काय?" तो वीस आठवडे माझ्यासमोर बसला होता. गावात मला चांगले ओळखणारे शेकडो लोक आहेत. त्यांतला एकही माझ्याकडे पाहत नाही.

पत्नी वारल्यावर घरात मराठी बोलायला कोणी उरले नाही. मुलगा परदेशी आहे. त्याची मुले इंग्रजी बोलतात. एक मित्र होता. शाळेपासूनचा, आमच्याच लोकांतला, पितळी भांड्यांचा दुकानदार. दुकान मुलाकडे सोपवून तो रोज संध्याकाळी सहाला येई. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, आमची मराठी तेव्हाचीच. सगळ्याला आम्ही 'अस्कं' म्हणतो; पुण्याचे पाहुणे ऐकून गालात हसतात. आम्हांला ती पुरत होती.

तरुणाची देखरेख संपून चार वर्षे झाली होती. एके दिवशी मित्र नेहमीपेक्षा लवकर आला. त्याची धाकटी मुलगी एकतीस वर्षांची, शाळेत शिक्षिका. आमचे लोक थोडे. त्यात गोत्र टाळायचे, कुंडली पाहायची. चार ठिकाणी जमून मोडले होते. तिरुनागेश्वरम् येथे राहूला दुधाचा अभिषेकही करून झाला होता. त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला.

"पाहा. कुंडली जमली, घर जमलं, अस्कं जमलं. स्वामीमलैला मूर्तींच्या कारखान्यात मॅनेजर हाय. हा माणूस ठाऊक हाय काय तुला?"

छायाचित्रात तोच तरुण होता. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नाही," मी म्हणालो. "ओळखत नाही."

एवढ्याने विषय संपेल असे मला वाटले होते. मित्र मांडीवर थाप मारून उठला.

"झालं तर! तीस वर्षं कोर्टात काढलीस. गावातल्या अस्क्या लबाडांची यादी तुझ्या डोक्यात. तुला ठाऊक नाही म्हणजे मुलगा चोख!"

"तसा अर्थ नव्हे."

"तोच अर्थ. तू चांगला हाय म्हणाला असतास तर मला संशय आला असता. तू कुणाला चांगलं म्हणालास काय आजवर?"

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरून डब्यात गोड आले.

माझे "ओळखत नाही" इतकी वर्षे बंद दारासारखे होते. त्या दिवशी ते प्रशस्तिपत्र झाले. ओळखतो पण सांगणार नाही, असे म्हणणे म्हणजे सांगणेच होते. आता तो सुधारला आहे असे म्हणावे, तर कशातून सुधारला ते आले. गप्प राहावे, तर ती मुलगी माझ्या शब्दावर लग्न करणार होती. कायद्याने त्याच्यावर डाग राहिलेला नव्हता. पण मुलीच्या बापाने प्रश्न कायद्याला विचारलेला नव्हता, मला विचारला होता.

तिसऱ्या दिवशी मी स्वामीमलैची बस धरली. कारखान्याच्या पडवीत गवत आणि लाकडी खोकी पसरली होती. तो कापडात गुंडाळलेल्या एका मूर्तीला दोर बांधीत होता. मला पाहून उभा राहिला.

"यावं. कोणती मूर्ती दाखवू?" त्याने तमिळमध्ये विचारले. चेहऱ्यावर ओळखीची खूण नव्हती.

"मूर्ती नको."

"मग पत्ता चुकलात, सार्."

"पत्ता बरोबर आहे," मी मराठीत म्हणालो.

त्याने दोर खाली ठेवला. "नियम तुमचा होता."

"आहे. आज मी मोडतो."

त्याने दोघा कामगारांना चहाला पाठवले. मी घडले ते सांगितले. तो हसला, पण आनंदाने नव्हे.

"म्हणजे तुम्हीच मला चांगला ठरवलंत?"

"मी ओळखत नाही म्हणालो."

"तेच ते."

"तू सांग. बापाला नव्हे, तिला."

"सांगितलं तर मोडेल."

"मोडेल कदाचित."

"आणि नाही सांगितलं तर तुम्ही सांगाल?"

"नाही."

"मग आलात कशाला, सार्?"

"उलटं सांग," मी म्हणालो. "तुला येतं ते."

तो पुन्हा दोर बांधू लागला. मला बसपर्यंत सोडायला आला नाही. ते योग्यच होते.

पुढचे मला मित्राच्या थोरल्या मुलाकडून कळले. रविवारी तो तरुण त्यांच्या घरी गेला, मुलीशी एकटीशी बोलू द्या म्हणाला. पडवीत दोघे बसली. त्याने तडाख्यापासून सकाळपर्यंत सर्व सांगितले. तिने विचारले, त्या माणसाला आता ऐकू येते काय? एका कानाने, तो म्हणाला. तुम्ही त्याला भेटलात काय? दोनदा गेलो, दुसऱ्यांदा त्याने दार उघडले. तिने आठ दिवस मागितले आणि आठव्या दिवशी होकार दिला. बापाने तरुणाला एकच विचारले, तुझ्यावर देखरेख कुणाची होती? ते विचारू नका, तो म्हणाला. त्या वर्षी गावात ते काम एकाच माणसाकडे होते. मित्राला न सांगता समजले.

तो आला, पण उंबऱ्याबाहेर उभा राहिला. चप्पल काढली नाही.

"ठाऊक होतं तुला."

"होतं."

"माझ्या तोंडावर खोटं बोललास."

"बोललो."

"तुझ्या एका शब्दावर घरात गोड केलं रे आम्ही! तो पुन्हा हात उचलणारा निघाला असता तर?"

"तसा नव्हता."

"हे तुला ठाऊक. मला कुठं ठाऊक होतं? तुझ्या त्या खोलीत बसलेला हरएक माणूस तुला आपला. मी साठ वर्षं तुझ्या संगती हाय, आणि मी बाहेरचा."

मी त्याचे वाक्य तपासून पाहिले. त्यात चूक सापडली नाही.

"तर मग बस त्याच खोलीत," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

पंधरा दिवस वाट पाहून मी त्याच्या दुकानात गेलो. तो गादीवर बसला होता. "काय दाखवू, सार्?" त्याने विचारले, तमिळमध्ये. मी एक पितळी पेला घेतला. त्याने तो कागदात गुंडाळून दिला.

लग्नाचा मुहूर्त ठरला. आमच्याकडे गावातल्या माणसाला घरी जाऊन, कुंकू लावून, विड्याच्या पानांसह लग्नपत्रिका हातात देतात. टपालाने ती परगावच्यांना जाते. माझी टपालाने आली. आमच्या घरांत दोन गल्ल्यांचे अंतर आहे. पाकिटावर अक्षर त्याचेच होते, आणि त्याने पिनकोडसुद्धा लिहिला होता.

लग्नाला मी गेलो नाही. टपालाने बोलावलेल्याने आशीर्वादही टपालाने पाठवावा, अशी रीत आहे. टपाल कचेरीतून मी एक कार्ड आणले आणि मुलीच्या नावे चार ओळी मराठीत लिहिल्या. बापाचा उल्लेख केला नाही, नवऱ्याचाही केला नाही. नंतर पत्ता लिहिला आणि त्याखाली पिनकोड.