मामांना दिलेली कौलं

आमच्या घरावर पूर्वी गवत होतं, हे मी सासूबाईंकडून नुसतं ऐकलंय. लग्न होऊन शहापूरकडच्या या गावात आले तेव्हा मंगलोरी कौलं होती. आता स्लॅब आहे. कौलांचा मला मनापासून कंटाळा. तानशाच्या जंगलातली माकडं उड्या मारून ती फोडायची आणि दर वैशाखात घर शाकारायला पाड्यावरचे मामा यायचे. नात्याचे नव्हेत, अख्खं गावच त्यांना मामा म्हणतं. एकेक कौल काढायचं, झाडायचं, फुटकं बाजूला टाकायचं, बाकीची पुन्हा ओळीने बसवायची. चार दिवस घरभर धूळ, आणि मी तोंड वाकडं करून त्यांना चहा द्यायची.

त्यांनीच एकदा मला कौल वाजवून बघायला शिकवलं. बोटाच्या पेराने टकटक केलं की चांगलं कौल खणखणीत वाजतं, आतून चीर गेलेलं बद्द वाजतं. ती चीर डोळ्यांना दिसतेच असं नाही.

स्लॅबचं ठरलं तेव्हा कौलं मामांनीच उतरवली. त्यांच्या स्वतःच्या घरावर अजून पेंढा आणि त्यावर ताडपत्री. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "मामा, ही सगळी तुम्ही घेऊन जा." मामी मुद्दाम येऊन माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडून गेल्या. मला फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं दोन दिवस टिकलं. मग आठवलं की गोठ्याचे पत्रे सडलेत. दुपारी घरात कोणी नसताना मी थप्प्यांपाशी बसले आणि एकेक कौल वाजवलं. खणखणीत ती गोठ्याला, बद्द ती मामांना. त्यांची विद्या मी अशी वापरली.

मामा टेम्पो घेऊन आले. वरचं कौल उचलून त्यांनी सवयीने बोट मारलं, जरा थांबले आणि ते गाडीत ठेवलं. दुसरं वाजवून पाहिलं नाही.

श्रावणात दोघं दारात आले. मामी तावातावाने बोलत होत्या. "वैनी, तुमच्या घरावर हीच कौलं कदी गळली नाय. आमच्याकडं पाय ठेवायला कोरडी जागा नाय. यांचा हातच गेलाय बगा! सगल्या गावाची घरं शाकारली, नि सोताचं धड जमलं नाय."

मी मामांकडे पाहिलं. आता हे सांगणार, असं वाटलं.

"वय झालं, वैनी," ते म्हणाले. "हात बसत नाय आता."

गोठा तिथून वीस पावलांवर होता, आत ठणठणीत कोरडा. "होतं असं, मामा," मी म्हणाले. वर एक जुनी ताडपत्री काढून दिली. मामींनी तीही आशीर्वाद देत नेली. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

मामींनी हे चारचौघींत सांगितलं असणारच. पुढच्या वैशाखात शेजारीण आली. तिला घर शाकारून घ्यायचं होतं. "मामांचा हात गेला म्हनतात. तुझ्याकडं इतकी वर्सं येत व्हते, तूच सांग गो, बोलवू का?"

दोन वाक्यांचं काम होतं. मामांचा हात आहे तसाच आहे, कौलं मीच खराब दिली. पण मग ती गोठ्याकडे बघेल, गावात सांगेल, हे मनात आलं आणि लाजेने माझी जीभ भलतीकडेच वळली.

"मुरबाडचा एक चांगला आहे म्हणतात," मी म्हणाले, "त्याला विचारून बघ."

त्या वर्षी मामा गावात कुणाच्याच छपरावर चढलेले दिसले नाहीत. अजून वाटेत समोरासमोर आलो, तर मी नजर चुकवायच्या आत तेच मान खाली घालतात.