एंटरवरचा हात

कर्णिक सर एंटरच्या बटणावर तळहात ठेवून बसायचे. पेणला त्यांचा सी प्रोग्रॅमिंगचा क्लास होता. गडबहून एसटीने धडपडत गेलेल्या मला त्यांनी पहिल्याच दिवशी छळलं. मी एक अक्षर दाबलं, ते स्क्रीनवर उमटलं, पण प्रोग्राम ढिम्म.

"सर, हात काढा ना," मी वैतागले.

"अगो, तुला दिसलं म्हणजे प्रोग्रामला पोचलं असं नाय. एंटर दाबेपर्यंत सगळं वाटेत थांबलेलं असतं. तोवर पुसता येतं, बदलता येतं. केवढी सोय!"

माणूसही तसाच. कुणावर ओरडायचं असलं की आधी चष्मा काढून पुसायचे, आणि तेवढ्यात त्यांचा राग उतरायचा. मला भारी चीड यायची त्या चष्म्याची. एकदा माझा प्रोग्राम दुसरं अक्षर मागायचा आणि मी द्यायच्या आधीच पुढे पळायचा. "कॉम्प्युटर बिघडला!" म्हणून मी बोंब ठोकली. सर हसले. "बिघडला नाय गो. पहिल्या अक्षरामागे तू एंटर दाबलंस, ते तिथंच पडून होतं. त्याने दुसरं अक्षर म्हणून तेच उचललं. मागचं राहिलेलं आधी उचल, मग पुढचं विचार."

मला रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत नोकरी लागली तोवर सर आजारपणामुळे क्लास बंद करून रोह्याला घरी बसले होते. आधी त्यांची वाचा गेली, मग हात जायला लागले. डॉक्टरांनी हात टेकले होते. हात चालत होते तेव्हाच सरांनी स्वतःसाठी एक प्रोग्राम लिहून ठेवला होता. काहीही टाइप करून एंटर दाबलं की लॅपटॉप जोरात पीं करायचा आणि त्यांची बायको, आमच्या काकू, स्वयंपाकघरातून यायच्या. पी म्हणजे पाणी, के म्हणजे कूस बदल.

शिफ्ट सुटली की मी जायचे. एंटर त्यांच्या बोटांना लांब पडायला लागलं, म्हणून एकदा मी प्रोग्राम बदलला. कुठलंही बटण दाबलं की लगेच पीं. दुसऱ्या दिवशी गेले तर काकू घामाघूम. सरांचा हात थरथरायचा, बोट कुठेही लागायचं, आणि काकू दुखऱ्या गुडघ्यांनी दिवसभर धावत होत्या. सरांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं, "जुना परत लाव."

"आणि एंटरपर्यंत हात पोचला नाही तर?"

"पोचेल."

मरत चाललेल्या माणसाला बायकोला हाक मारायची कसली भीड! पण त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि जुना परत लावला.

ते गेले त्या दुपारी काकू आत भिजवलेले वाल सोलत होत्या. आवाज आला नाही, म्हणून त्यांना वाटलं, डोळा लागला असेल. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. दिवसकार्य झाल्यावर पुन्हा गेले, तर लॅपटॉप तसाच चालू. काकूंनी कुणाला बंद करू दिला नव्हता. स्क्रीनवर रोमन अक्षरांत 'ये' लिहिलेलं होतं. ना पाणी, ना कूस. पुढे कर्सर लुकलुकत होता.

"तू शिकलीस ना यातलं," काकू म्हणाल्या. "खरं सांग. वाजलं होतं आणि मला ऐकू आलं नाय?"

"नाही काकू. वाजलंच नव्हतं. एंटर राहिलं."

त्यांना बरं वाटेल, असं मला वाटलं होतं. कसलं काय!

"म्हणजे वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "आणि मी मेली दहा पावलांवर वाल सोलत बसले."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"दाब आता ते एंटर," काकू म्हणाल्या. "अर्धवट नको राहू दे."

मी एंटर दाबलं. पीं वाजलं. आणि माझ्या शेजारीच, सरांच्या रिकाम्या पलंगावर बसलेल्या काकू गुडघ्यांवर हात टेकत उठल्या. "आले हो, आले."