जिनं फोडल्या, तिनंच भराव्या

कुणी दुखावलं की आमची आयाबाई भांडायची नाही. पदराच्या टोकाला गाठ मारायची. "ऱ्हाऊ दे. बघून घेते," एवढंच. कंपाउंडर एकदा तिला "ए काळे" म्हणाला. गाठ बसली. त्यानंतर कित्येक दिवस त्याच्या चहात साखर पडली नाही, आणि विचारायची त्याची छाती झाली नाही. तुमच्याही पाहण्यात अशी एखादी बाई असेल. असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

नगरच्या एका दवाखान्यात मी तेव्हा नर्सिंग शिकत होते. लढाई संपली होती. गावोगावचे शिपाई परत येत होते. आयाबाईचा पाथर्डीकडचा नवरा मात्र ब्रह्मदेशातून आला नव्हता. त्याची खबरही नव्हती. ती रोज ठसठशीत कुंकू लावायची आणि फाटकाकडे बघत फरशी पुसायची.

त्यात विलायतेहून एक मडम आली. माझ्याच वयाची विद्यार्थिनी, बाळंतपणं शिकायला. भाषा येत नाही, ऊन सोसत नाही, पण तोरा बघावा! आली त्याच आठवड्यात बाळंतखोलीत तिला आयाबाईच्या हातातल्या काचेच्या बांगड्या दिसल्या. बाळाला काच लागेल म्हणे. खुणेनं "काढ" म्हणाली. आयाबाई हसली. सवाष्णीच्या बांगड्या अशा निघतात होय? तर त्या भवानीनं तिचं मनगट धरलं आणि कात्रीनं सगळ्या फोडल्या. नवऱ्याचा पत्ता नसलेल्या बाईच्या! माझं तर रक्तच उसळलं. आयाबाईनं तुकडे वेचले आणि पदराला गाठ मारली.

नव्या भरायला आम्ही कासाराला बोलावलं, तर म्हणाली, "न्हाई. जिनं फोडल्या तिनंच भराव्या."

तिचे ओकेबोके हात बघून येणारी-जाणारी विचारायची, "अगं बाई, कधी गेला गं?"

ती बोट दाखवायची. "त्या मडमला इचारा."

झालं! मडम जवळ आली की कळा येत असतानाही बाया हात पदराखाली लपवायच्या. कुणी तिला अंगाला शिवू देईना. बाळंतपणं केल्याशिवाय तिला पास होता येणार नव्हतं. दिवसभर स्टुलावर बसून राहायची बिचारी. बिचारी कसली! मला बरं वाटायचं.

शेवटी तिनं मला कारण विचारलं. मी सांगितलं, काहीही न गाळता. दुसऱ्या दिवशी बाजारातून हिरव्या बांगड्या आणून ती आयाबाईपुढे गुडघ्यांवर बसली.

"भर," आयाबाई म्हणाली.

हात दाबून बांगडी चढवायची कासाराची कला हिला कुठली? बांगड्या फुटत होत्या, आयाबाईच्या हातातून रक्त येत होतं. "हां. आनखी." व्हरांड्यात बायांची ही गर्दी. रडत रडत मडमनं दोन्ही हात भरले, तेव्हा कुठे बाया तिच्याकडे जाऊ लागल्या. अडलेल्या बाईची पाठ कशी चोळायची, तेही आयाबाईच तिला दाखवू लागली. मला नाही आवडलं ते.

आणि एके दिवशी नात्यातल्या बायांना घेऊन आयाबाईचा दीर आला. फाटकातच मटकन बसला. "वैनी, दादा गेला. पलटनीचं कागुद आलंय."

बाया हंबरडा फोडत तिच्या बांगड्या फोडायला पुढे झाल्या. तोच मडम धावली. आयाबाईची मनगटं पोटाशी घट्ट धरून उभी राहिली. "नो, नो!"

आयाबाईनं तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत टिपूस नव्हतं. "तुला येतंय की. तूच फोड."

मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. मडम मान हलवून नकार देत राहिली. आयाबाई हात पुढे करून थांबली, कितीतरी वेळ.

"मंग ऱ्हाऊ द्या तशाच," ती बायांना म्हणाली. "हिच्याबिगर कुनी हात लावायचा न्हाई."

आणि तशीच बैलगाडीत चढली. ती पुन्हा कधी दवाखान्यात आली नाही.

गाडी रस्त्याला लागेपर्यंत त्या बांगड्या वाजत होत्या. मडम पायरीवर कान झाकून बसली होती. मी काही तिला उठवायला गेले नाही.