छत्रीचं काळं फडकं

भूमे, बसलीस का नीट? ली मग. मी बोलतो तसंच ली; आमी हितल्या बायकाबी 'जातो, येतो' म्हनतो, त्येचं शाळंतल्यागत 'जाते, येते' करू नगंस. शशिधरची गोष्ट सांगायची हाय. त्येचा कुठं पुतळा न्हाय, चौकाला नाव न्हाय. गोलकीपर हुता आनि माझ्या खानावळीत जेवायचा, येवढीच त्येची वळख.

खानावळ तालमीच्या समोरच, तुला ठावं हाय. आता शिवाजी पेठेत तालीम म्हंजे नुसती पैलवानाची न्हवं. फुटबॉलचा संघ तालमीचा, गनपती तालमीचा, मारामारीबी तालमीची. हितली मानसं सख्ख्या भाच्याच्या लग्नाला अक्षता पडल्यावर पोचतील, पर फायनलला सकाळधरनं स्टेडियममदी. भाईरगावचा चांगला गडी दिसला की तालमीवाली त्येला उचलूनच आनत्यात. शशिधरला गुंडूनं आनला, शिरोळकडनं. सत्त्यान्नव साल आसंल. गुंडू म्हंजे तालमीचा कार्यकर्ता. अंग लोखंडाचं आनि डोस्कं पत्र्याचं.

"मावशी, ह्यो आपला नवा गोली," गुंडू म्हनला. "लिंगायताचा हाय. मटनाचा वासबी चालत न्हाय त्येला."

"आनि बॉल कसा चालतोय? त्योबी कातड्याचाच की."

पोरगं मान खाली घालून हसलं. "बॉल खात न्हाय मावशी, नुसता धरतो."

तवाच मी त्येचं हात बघितलं. परातीयेवढं. उसात कोयता मारून मारून राठ झाल्यालं. गळ्यात लिंग हुतं, ते मॅचला उतरताना फडक्यात गुंडाळून छातीला आवळायचा. आनि बॉल आला की त्या हातात असा बसायचा, जशी कोंबडी खुराड्यात. त्येच्यासाठी मी येगळा तवा ठेवला. दुसऱ्या कुनासाठी ठेवला न्हाय.

त्येची आय शांतव्वा अदनंमदनं यायची. कडक भाकरी नि शेंगाची चटनी घिऊन. मराठी बोलता बोलता मदीच कानडीत शिरायची. "आक्का, नन्न मगा लई कमी जेवतंय बगा." नन्न मगा म्हंजे माझा लेक. मी म्हनायचो, "तुमचा नन्न मगा सा भाकरी खातोय, ह्येच्या वर काय मला खातोय?" लई हसायची. पुढचं दोन दात न्हवतं तिला.

आता तालमीची एक रीत सांगून ठेवतो, ती फुडं लागंल. दर साली फुटबॉल सुरू व्हायच्या आधी खेळाडू तालमीत देवाम्होरं बेलभंडारा उचलत्यात. बेलाचं पान आनि हळदीचा भंडारा हातात घ्यायचा आनि म्हनायचं, तालमीशी गद्दारी करनार न्हाय, मॅच इकनार न्हाय. कागदावर सही करून मानूस फिरतोय, बेलभंडारा उचलून कोन फिरत न्हाय. फिरला तर त्येला पेठंत पानीबी मिळत न्हाय.

आनि एक सायेब. त्येचं नाव लिवू नगंस. तालमीचा मांडव सायबाचा, खेळाडूंची जर्सी सायबाची, लाईटबिल सायेबच भरायचा. शशिधरला शिपायाची नोकरी सायबाच्याच संस्थेत. मतं कुनाला जायाची हे सांगाय लागतंय व्हय?

मग दोन हजार पाचचा म्हापूर आला. शशिधर गावाकडंच गेलता. किष्णेनं गावाला येढा घाटल्याला. मानसं कौलावर जाऊन बसल्याली, त्यात शांतव्वा. घर पांढऱ्या मातीच्या भेंड्याचं, म्हंजे कच्च्या इटांचं. शशिधर शेजारच्या पोरास्नी घिऊन पैल्या खेपेला भाईर आला, कारन शांतव्वाच म्हनली, बारकी पोरं आधी न्या. दुसऱ्या खेपेला होडी तिच्याकडंच निघालती. येवढ्यात सायबाच्या गाड्या आल्या.

त्येनं मला सांगितलं ते तसंच सांगतो.

"मावशी, मोटारीची होडी येकच हुती. तेच्यात सायेब बसलं, फोटोवालं बसलं, बिस्किटाची खोकी बसली. मी पान्याच्या कडंला बोंबलतोय, आवो आय हाय माझी, आधी तिला आना. एकजन म्हनला, थांब की, सायेब बगून येऊ देत. होडी आमच्या घराच्या म्होरनं गेली. अव्वानं दोनी हात वर केलं. सायबानंबी हात केला. तेला वाटलं म्हातारी नमस्कार करती."

होडी माघारी येस्तोवर भित्ताड बसलं. पानी उतरल्यावर शांतव्वा उसात गावली. त्यांच्यात मानूस बसवून पुरत्यात, मांडी घालून, देवाला बसल्यागत. ही इतकी फुगली हुती की बसवता येईना. आडवीच पुरली, रस्त्याच्या कडंला, कारन पुरायची जागा अजून पान्यात. दुसऱ्या दिवशी पेपरात सायबाचा होडीतला फोटो. मागं लांब कौलावर एक ठिपका दिसत हुता. शशिधर म्हनायचा, ती अव्वा.

तरी पोरगं खेळाय आलं. इतकी सालं बेलभंडारा उचलल्याला हुता न्हवं! आनि खेळलंबी असं, की संघ फायनलला गेला. करंडक कुनाचा? तर सायबाच्या वडलांच्या नावाचा. आनि फायनलच्या आधी पाव्हना मैदानात येतोय, खेळाडू वळीनं उभं ऱ्हात्यात, एकेकाशी हात मिळवतोय.

आदल्या दिवशी दुपारी जेवताना गनपतरावाला, म्हंजे तालमीच्या अध्यक्षाला, शशिधर सगळ्यांम्होरं म्हनला, "मी सायबाला हात देनार न्हाय."

गनपतरावाचा घास तसाच ऱ्हायला. "येडा झालास काय रं? सायबाचं मीठ खातोस."

"मीठ खातो, खोटं कसं बोलू? बाकी सगळं करतो. हात न्हाय देनार."

"आरं मग ग्लोव्हज घालून दे! ग्लोव्हजवरनं दिला म्हंजे काय हात दिला हुतोय?" आनि आपल्याच अकलेवर खूश होऊन गनपतरावानं आनि एक भाकरी मागितली.

शशिधर हात धुऊन माझ्याकडं आला. "मावशी, काळं फडकं हाय का?"

तुझ्या आज्ज्याची छत्री हुती, काड्या मोडल्याली. मी तिचं कापड टरकावलं आनि एक पट्टी दिली. म्हटलं, "दंडाला बांधनार व्हय? तुमच्यात तर सुतकबी पाळत न्हाईत."

"सुतक नसतंय मावशी आमच्यात. राग आसतोय की."

फायनलला मी गेलतो. बायकांच्यात बसलतो. आमची जर्सी पिवळी, म्होरं खेळनाऱ्या दुसऱ्या पेठंची काळी. आनि आमचा गोली आला तो दंडाला काळं बांधून. त्येच्या डोस्क्यात आय हुती. पेठंच्या डोस्क्यात पेठच. माझ्या मागं एक बाय म्हनली, "आगं बया, आपला गोली त्यांचा झेंडा बांधून आलाय!" बघता बघता ते बोलनं सगळ्या स्टेडियममदी फिरलं. शिट्ट्या सुरू झाल्या. आयचं कुनालाबी सुचलं न्हाय, भूमे. हितल्या मानसाला काळं दिसलं की दुसरी पेठच दिसती.

सायेब वळीतनं आला. शशिधरनं ग्लोव्हज काढलं, बगलंत धरलं, हात पाठीमागं बांधलं. सायेब हात फुडं करून उभा. शेजारच्या खेळाडूनं मागनं सांगितलं मला. सायबानं इचारलं, "दंडाला काय झालं?" ह्यो म्हनला, "आय मेली सायेब. तुमी तिची होडी नेलासा." सायबाचं हसू जरासुदिक हाललं न्हाय. त्येच्या खांद्यावर थाप मारली, "खेळा, खेळा," म्हनला आनि फुडच्याला हात दिला. लांबनं सगळ्यास्नी वाटलं, सायेब शाबासकी देतोय.

मॅच एका गोलनं गेली. बॉल आपल्याच गड्याच्या ढोपराला लागून फिरला, देवालाबी धरता आला नसता. पर वराडल्यात, "पेठ इकली! पेठ इकली!" चपला, बाटल्या, दगड. गुंडू तर रडत हुता. ज्येनं आनला त्योच वराडत हुता, "माझ्या हातानं साप आनला!"

दिवेलागनीला त्येला तालमीत नेला. मी मागनं गेलो. तालमीत बाईमानसानं जायाचं न्हाय, म्हनून उंबऱ्याच्या भाईर उभा ऱ्हायलो. आतलं सगळं दिसत हुतं.

गनपतराव म्हनला, "बेलभंडारा उचल. म्हन, मॅच इकली न्हाय."

शशिधरनं लगेच उचलला. "न्हाय इकली. लिंगाची आन, देवाची आन."

तितंच मिटलं आसतं की. दोघंचौघं म्हनलीबी, खरं बोलतंय पोरगं. पर गनपतरावाला सायबाचा फोन आल्याला. "आनि म्हन, सायबाचा माझ्यावर लई उपकार हाय. होडीचं मी चुकून बोललो."

शशिधरनं भंडारा खाली ठिवला.

"उचल की रं," गुंडू म्हनला. "तोंडानं म्हनायला काय जातंय? मेलेली काय माघारी येतीया?"

"ती आडवी पुरलीया गुंडूदा. आता हेबी खोटं करू व्हय?"

"ह्यो हात भंडारा उचलंना, सायबाला मिळंना, बॉलबी धरंना. मग ठेवायचा कशाला?" असं म्हनून गुंडूनं त्येचा उजवा हात देवाम्होरच्या दगडावर दाबला. दुसऱ्यानं व्यायामाची लाकडी जोडी उचलली. ती दोनी हातानं फिरवायची असती, पैलवान छाती काढायला फिरवत्यात. ती त्येनं आपटली. मग परत आपटली. वाळल्या उसाच्या कांडीगत आवाज आला.

मी उंबरा वलांडला. पदरात त्येचा हात घिऊन भाईर आनला. आनि भूमे, दुसऱ्या दिवशी तालीम गोमुतरानं धुतली त्यांनी. रगत सांडलं म्हनून न्हवं. बाई आत आली म्हनून.

दवाखान्यात शशिधर दोन दिस गुंगीतच. मी पायथ्याला बसलतो. सायेब आला. सफरचंदाची पिशवी, मागं फोटोवाला, त्येच्या मागं मुंडी घालून गुंडू. मी म्हटलं, "सायेब, निजलाय त्यो, उठवू नगासा." "न्हाय उठवत आज्जी," म्हनला. लई गोड बोलायचा. आनि खाटंवर बसून त्येनं ते पलिस्तरातलं मनगट उचललं, आपल्या दोनी हातात घेटलं. फोटोवाला म्हनला, "सायेब, जरा वर." त्येनं जरा वर केला. कळ आली तवा शशिधरनं डोळं उघडलं. हात कुनाच्या हातात हाय ते त्येनं बघितलं. वडून घ्याचं म्हटलं तर वडायला हातात जीव कुठं हुता? नुसता तोंड फिरवून भित्तीकडं बघाय लागला. फोटो निघाला.

'जखमी खेळाडूच्या पाठीशी सायेब', पेपरात आलं. दंगा त्या पेठंच्या पोरांनी केला म्हनून छापलं. तालमीत ते काच लावून टांगलंय, अजून हाय. नोकरीवरनं काडला ते मातूर कुठं छापलं न्हाय.

हात कसातरी जुळला. पर बोटं मिटंनात, मनगट फिरंना. सदानकदा हात फुडं, कुनाला तरी मिळवाय काढल्यागत. गावाकडं माघारी गेला, तर तितली पोरं लई वंगाळ. "काय शशिधर, सायबाला दिला न्हाईस, आता गावाला देतोस व्हय?" आनि धरून गदागदा हालवायची. ह्येच्या डोळ्यातनं पानी आलं की हसायची. माझ्याकडं आला तवा तो हात सदऱ्याच्या आत कोंबून आलता. मी पेटीतनं छत्रीचं ऱ्हायल्यालं कापड काडलं, झोळी शिवली आनि हात छातीला बांधून दिला. म्हटलं, आता कोन धरतंय बघू.

नऊ सालच्या निवडनुकीला सायबाची सभा त्येच्या गावाजवळ हुती. ह्यो म्हशीला पेंड आनाय निघालता. सभंच्या कडंनं जाताना पोलिसांनी धरला. संध्याकाळी सोडला, तसाच कोल्हापूरला एस्टीनं माझ्याकडं आला. वट फाटल्याला, पाठ काळीनिळी.

"आरं काय केलंस?"

"काय न्हाय मावशी. फौजदार म्हनला, सायबाला काळं दाखवतोस व्हय रं?"

"मग सांगायचं न्हाईस, हात मोडलाय, झोळी हाय म्हनून? सोडलं आसतं की!"

"सोडलं आसतं." त्यो हसाय गेला तर वटातनं रगत आलं. "पर मी म्हटलं, व्हय, दाखवतोय. इतकी वरसं झाली मावशी, पैल्यांदा कुनीतरी बरोबर वळाकलं."

मी त्येच्या तव्यावर भाकरी टाकली. डाव्या हातानं जेवला. आमटी फाटल्या वटाला झोंबत हुती, तरी म्हनला, आनि वाडा.